एकबेरीज : पेशव्यांच्या दफ्तरातील कामाची रीत

परप्रांतात जेथे जेथे मराठी माणसांची थोडीबहुत वस्ती आहे, तेथील महाराष्ट्र मंडळाच्या सभासदांची यादी सहज चाळून पाहावी. दिल्ली असो, भोपाळ असो वा जबलपूर, त्या यादीत चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस, मुजुमदार, दफ्तरदार, पोतदार ही आडनावे आढळल्यावाचून राहत नाहीत. दारावरच्या पाटीवर आम्ही ती रोज वाचतो. परंतु ही सारी नावे एका ओळीत मांडली, तर एका मोठ्या कार्यालयाचा आराखडाच डोळ्यांपुढे उभा राहतो, ही गोष्ट क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. ‘नीस’ म्हणजे फारसीतील ‘नवीस’, लिहिणारा. कोणी पत्रे लिहावयाची, कोणी पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब लिहावयाचा, कोणी फारसी पत्रव्यवहार सांभाळावयाचा, याची वाटणी इतकी नेमकी होती आणि इतक्या पिढ्या टिकली, की अखेर कामाचे नाव हेच कुळाचे नाव होऊन बसले.

कार्यालयातील कामाची उत्पादकता कशी वाढवावी, हा आजचा मोठा चर्चेचा विषय आहे. शिबिरे भरतात, परिपत्रके निघतात, नवनवी यंत्रे मेजावर येतात. या विचाराचा उगम बहुधा १९११ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेडरिक टेलर यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथापाशी दाखविला जातो. कारखान्यातील हाताच्या कामापुरते ते ठीकच आहे. परंतु कागदाचे काम, म्हणजे आम्हा सरकारी नोकरांचे काम, हे घड्याळ हाती धरून मोजता येत नाही. त्याची रीत लावण्याचा प्रयत्न आमच्याच मुलखात, आमच्याच भाषेत, टेलर यांच्या पूर्वी शंभर-सव्वाशे वर्षे होऊन गेला. तो प्रयत्न कसा उभा राहिला आणि कसा मोडला, याचे वृत्त पाहण्यासारखे आहे. पूर्वजांची पाठ थोपटण्याचा हेतू यात नाही. तो कसा मोडला, याच भागातून आम्हांस अधिक शिकावयाचे आहे.

प्रथम हाताचा विचार करू. कारकुनाचा वेळ कोठे जातो, तर लिहिण्यात. बाळबोध अक्षर सुटे सुटे, प्रत्येक अक्षराला आपापली शिरोरेघ. त्यामुळे बोरू वारंवार उचलावा लागतो. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे वळवीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीने ठेवलाच नाही. तेवढा विचार आणि तेवढा वेळ वाचला. ‘राजश्री’ लिहावयाचे तर ‘रा॥’, ‘मौजे’ म्हणजे ‘मौ॥’, ‘कसबे’ म्हणजे ‘क॥’, ‘परगणे’ म्हणजे ‘प॥’. दिवसातून शंभर वेळा येणारा शब्द शंभर वेळा पुरा लिहिण्याचे कारण काय? तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्याकडे मोडीचे जनकत्व परंपरा देते. ते खरे असो वा नसो, ही लिपी ज्याने वा ज्यांनी घडविली त्यांना कचेरीतल्या कामाची नाडी अचूक सापडली होती, यात संशय नाही.

पत्राच्या घडणीतही तीच काटकसर दिसते. मायना ठरलेला, अखेर ठरलेली. मजकूर संपला की ‘मोर्तब सूद’ किंवा ‘लेखनसीमा’. शिवछत्रपतींच्या पत्रांवर अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही लहान मुद्रा उमटे. तिच्या खाली कोणी नंतर एक अक्षरही वाढवू नये, हा तिचा उपयोग. सौंदर्य आणि सावधगिरी यांची इतकी सुबक सांगड क्वचित पाहावयास मिळते. परिभाषा एकसारखी असावी म्हणून महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला, ही गोष्ट आपण भाषाभिमानाच्या अंगाने नेहमी सांगतो. तिला कामकाजाचीही बाजू आहे. एकाच वस्तूला चार कचेऱ्यांत चार नावे असली की हिशेब जुळत नाही, हे ज्याने एकदा तरी साठ्याची मोजदाद केली आहे त्याला निराळे सांगावयास नको.

हाताची गती वाढविली तरी कागद अडतो तो माणसांमाणसांमधल्या जागेत. तेथे जुन्या मराठी कारभाराने काय केले, ते परगण्याच्या कचेरीत उत्तम दिसते. मामलेदाराबरोबर दरकदार नेमलेले असत. त्यांची नावे आपल्या परिचयाचीच आहेत : दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस. पत्रे आणि हुकूम यांवर दिवाणाची साक्ष पडे. हिशेब आणि सनदा-पत्रे फडणिसाकडे जाण्यापूर्वी मुजुमदार तपाशी. फडणीस कागदावर तारीख घाली आणि रोजकीर्द, म्हणजे दिवसाचे टिपण, तयार करी. त्या रोजकीर्दीवरून दफ्तरदार खतावणी करी आणि दर महिन्याचा गोषवारा हुजुरास रवाना करी. वसूल किती आला, शिल्लक किती राहिली, हे पोतनीस लिही. नाणे खरे की खोटे हे पोतदार पारखी. किरकोळ कज्ज्यांची नोंद सभासदाकडे आणि पत्रे लिहिणे, उत्तरे देणे चिटणिसाकडे.

या मांडणीतील दोन गोष्टींकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. पहिली अशी की, तारीख घालणे हे एक स्वतंत्र काम मानले गेले होते आणि ते ज्याने हुकूम दिला त्याच्याकडे नव्हते. कागद मागल्या तारखेने दाखल करण्याचा मोह कोणत्या कचेरीत होत नाही? त्या मोहाची जागाच हेरून तेथे दुसरा माणूस बसविलेला होता. दुसरी गोष्ट अशी की, मामलेदाराला दरकदारास काढून टाकण्याचा अधिकार नव्हता. त्यांची नेमणूक वरून होई. ज्याच्या त्याच्या खुणेवाचून कागद पुरा होत नसे. म्हणजे एका अंगाने ही कामाची वाटणी होती, दुसऱ्या अंगाने पहारा होता. आठ हातांतून कागद जाणे म्हणजे दिरंगाई, असे आज आपण चटकन म्हणू. पण प्रत्येक हाताने त्या कागदावर निराळे काम करावयाचे होते, एकाच कामावर आठ जणांनी मत द्यावयाचे नव्हते. आजच्या फायलीत वर चढताना आणि खाली उतरताना ज्या सह्या पडतात, त्यांपैकी किती सह्या निराळ्या कामाच्या असतात, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे.

आता पुण्यास येऊ. हुजूर दफ्तर हे साऱ्या कारभाराचे मध्यवर्ती ठिकाण. दोनशेहून अधिक कारकून तेथे राबत असत. दफ्तराचे मुख्य भाग दोन : चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालते दफ्तर नावाप्रमाणेच चालत्या कामाचे. त्याच्या तीन शाखा होत्या. ‘फड’ ही फडणिसाच्या प्रत्यक्ष नजरेखालची शाखा. सनदा आणि हुकूम येथून निघत आणि रोजकीर्द येथे लिहिली जाई. ‘बेहडा’ या शाखेकडे जिल्ह्यांचे हिशेब येत आणि तेथे सरकारी जमेची पत्रके तयार होत. ‘सरंजाम’ या शाखेकडे सरंजामी व दुमाला गावांचे हिशेब. वर्षाच्या आरंभी मामलेदाराच्या हाती बेहडा पडे. अमुक महालातून अमुक जमा यावयाची, तीतून अमुक खर्च करावयाचा, याचा तो अंदाज. वर्षअखेरीस मामलेदार आपले हिशेब घेऊन पुण्यास येई आणि आरंभीचा अंदाज व अखेरचा हिशेब समोरासमोर ठेवून झडती होई.

एकबेरीज दफ्तराचे काम निराळे. चालत्या कामाची घाई तेथे नव्हती. सर्व शाखांचे हिशेब तेथे येऊन पडत आणि त्यांची वर्गवारी होई. राज्याची एकंदर जमा, एकंदर खर्च आणि शिल्लक यांचे ‘तर्जुमे’ तेथे होत. कोणत्या बाबीवर कोठे काय खर्च झाले याच्या खतावण्या तेथे होत. ‘एकबेरीज’ हे नावच किती बोलके आहे! शंभर ठिकाणी लिहिलेले शंभर आकडे जोवर एका ठिकाणी एका बेरजेत येत नाहीत, तोवर राज्याला स्वतःची प्रकृती कळत नाही. आणि ही बेरीज ज्यांनी करावयाची त्यांच्यामागे रोजच्या हुकमांचा तगादा नसावा, ही दृष्टी त्या विभागणीत आहे. रोजचे टपाल काढणाऱ्याकडेच मागल्या दहा वर्षांची संगती लावण्याचे काम दिले, तर ती संगती कधीच लागत नाही.

या व्यवस्थेला आकार येण्यास दोन-तीन पिढ्या लागल्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात राज्य उत्तरेकडे पसरले तसे कागद वाढले आणि हिशेबी माणसांची गरज भासू लागली. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपल्याला रणांगणावरचे म्हणून आठवतात. परंतु रामचंद्रबाबा शेणवी यांच्या हाताखाली कारभाराचे शिक्षण घेतलेले ते कसलेले हिशेबनीसही होते. त्यानंतर थोरल्या माधवरावांचा कडक अंमल आला. आणि पुढे बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे नाना फडणीस (१७४२–१८००), यांनी दफ्तराची शिस्त तिच्या टोकास नेली. सवाई माधवरावांच्या काळातील कागद उत्तम व्यवस्थेने लावलेले होते, ही साक्ष पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनीच दिली आहे. नानांच्या राजकारणाविषयी मतभेद असतील आणि ते असावेतही. पण ज्याच्या अंगी कारस्थानाची बुद्धी आहे, त्याने रोज कागदाच्या गठ्ठ्यांतही तेवढाच जीव ओतावा, हा योग दुर्मीळ आहे.

ही रीत पुण्यापुरती राहिली नाही. आजच्या आम्हा परप्रांतस्थांप्रमाणे तेव्हाचा मराठी कारकूनही बोरू आणि दौत घेऊन दूरदूर गेला. दिल्लीस हिंगण्यांची वकिली, निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे, ग्वाल्हेर, इंदूर व बडोदे येथील फड, हे सर्व एकाच वळणाच्या अक्षराने पुण्याशी जोडलेले होते. थेट दक्षिणेस तंजावरच्या मराठी राज्याचे दफ्तर मोडीतच लिहिले जात होते. १८५५ मध्ये ते राज्य संपले, पण त्याचे मोडी कागद आजही तेथे आहेत. तमिळ मुलखात बसून मराठी कारकुनाने मौ॥ आणि क॥ लिहावे, यात भाषेचे प्रेम किती आणि कामाची सवय किती, हे सांगणे कठीण आहे. आम्हांस वाटते, सवयच अधिक. आणि टिकाऊपणात सवय प्रेमाहून कमी ठरत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हे सारे सुवर्णयुगाचे चित्र झाले. तसे ते नव्हते, आणि तसे रंगविणे हा इतिहासाचा अपराध ठरेल. दरक हा बहुधा वंशपरंपरेने चाले. बापाला हिशेबाची दृष्टी होती म्हणून मुलालाही ती असेलच, असा काही निसर्गाचा नियम नाही. मग दरकाचे वेतन घरी बसून खावयाचे आणि प्रत्यक्ष कामाला मुतालिक वा गुमास्ता ठेवावयाचा, असे होऊ लागले. दुसरा रोग ‘अंतस्था’चा, म्हणजे गुप्तपणे द्यावयाच्या पैशाचा. मामलेदार दरबारखर्चाच्या नावाखाली वरच्या मंडळींची मने राखी आणि तो पैसा या ना त्या वाटेने रयतेच्या अंगावर पडे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या अंतस्थाचा उल्लेख केला आहे. म्हणजे पहारेकरी नेमले होते, पण पहारेकऱ्यालाही वाटा मिळाला की पहारा संपतो. सर्वांत चोख रोजकीर्ददेखील जे तिच्यात लिहिलेच नाही ते दाखवू शकत नाही. मांडणी कितीही शहाणी असो, तिच्यामागे रोज पाहणारी एक नजर लागते. फडणिसाची नजर होती तोवर दफ्तर चालले.

ती नजर १८०० च्या मार्चमध्ये मिटली. गादीवर दुसरे बाजीराव होते. पुढील अठरा वर्षांत दफ्तराचे जे झाले ते वाचताना कोणाही कचेरीतल्या माणसाच्या पोटात कालवते. एखादे परचक्र येऊन दफ्तर जळाले असते तर त्याचे दुःख निराळे. तसे काही झाले नाही. त्याच्याकडे दुर्लक्ष झाले, एवढेच. नेमणुका जवळजवळ बंद पडल्या, माणसे पांगली. आणि ज्याला जो कागद हवा तो त्याने उचलून न्यावा, इतकी मोकळीक झाली. राज्याचे कागद खाजगी घरांत गेले.

याचे कारण केवळ बाजीरावांचा स्वभाव नव्हे. त्यामागे एक हिशेब होता, आणि तोच आमच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. बाजीरावांनी परगणे मक्त्याने देण्यास आरंभ केला. जो अधिक रक्कम बोलेल त्याला मामलत. आता ज्याला ठरीव रकमेपलीकडे काही जाणून घ्यावयाचेच नाही, त्याला बेहडा कशाला हवा? गावोगावची जमा, सूट, पडीक जमीन, पाटलाची तक्रार, हे सारे कशासाठी लिहावयाचे? मक्तेदाराने पैसा भरला की काम झाले. झडती नको, तर्जुमा नको, दोनशे कारकुनांचे वेतन नको. वरवर पाहता ही मोठीच कार्यक्षमता होती! कागद कमी, माणसे कमी, आणि पैसा आगाऊ हाती. आजच्या एखाद्या अहवालात ही सुधारणा फार शोभून दिसली असती.

परंतु त्या काटकसरीने राज्याचे डोळेच विकले. गावात काय चालले आहे हे जाणण्याचे सरकारचे साधन म्हणजे दफ्तर. ते गेल्यावर मक्तेदार आणि रयत यांच्यामध्ये कोणीही उरले नाही. मक्ता पुढल्या वर्षी आपल्याकडे राहील की नाही याची शाश्वती नसलेल्या मक्तेदाराने यंदाच होईल तेवढे ओरबाडून घ्यावे, हे ओघानेच आले. रयतेची दाद लागावयाची कशी? मागल्या वर्षी माझ्याकडून अमुक घेतले होते, हे दाखविणारी नोंद हुजुरात राहिलीच नव्हती. १८१७ मध्ये शनिवारवाड्यावरील निशाण उतरले त्याची कारणे पुष्कळ आहेत आणि ती रणांगणावर व मुत्सद्देगिरीत शोधली जातात. ज्या राज्याला स्वतःची बेरीज करता येईनाशी झाली ते लढणार कशाच्या बळावर, हा प्रश्नही त्या कारणांत असावयास हवा.

नव्या सत्तेला दफ्तराचे मोल लगेच कळले. मुलूख चालवावयाचा तर कोणाचे काय, हे ठाऊक हवे. मॅक्लाउड या अधिकाऱ्याकडे विस्कटलेले कागद लावण्याचे काम आले. जुने कारकून हुडकून पुन्हा बसविण्यात आले, आणि नानांच्या वेळचे रुमाल उलगडताच त्यांतून सरंजाम, इनामे, वतने यांचे सारे जाळे दिसू लागले. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि घरोघरच्या इनामांची चौकशी सुरू झाली. तेव्हा ज्याच्या इनामाची नोंद रोजकीर्दीत वा हिशेबात सापडे त्याच्या शब्दाला वजन आले; ज्याची सापडेना त्याच्या जमिनीवर गदा आली. या चौकशीने दक्षिणेत केवढा असंतोष माजविला हे सर्वश्रुत आहे, आणि त्यातील अन्याय झाकण्याचे कारण नाही. पण कचेरीतल्या माणसाने त्यातील एक गोष्ट विसरू नये. साठ-सत्तर वर्षांपूर्वी पुण्याच्या फडावर एका अनामिक कारकुनाने संध्याकाळी उठण्यापूर्वी एक ओळ लिहिली की टाळली, यावर त्याने कधीही न पाहिलेल्या एका कुटुंबाची भाकरी ठरली. ती ओळ लिहिताना त्याला याची कल्पना असणे शक्य नव्हते.

त्याच रुमालांतून पुढे इतिहासही उभा राहिला. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले रोजकीर्दींतील उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रंथरूपाने आले. १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादून प्रसिद्ध केले. पण येथे मोडीने आपली किंमत वसूल केली. ती लिहावयास जलद, वाचावयास कठीण. लिहिणाऱ्याने जो वेळ वाचविला तो वाचणाऱ्याला व्याजासह भरावा लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून शिकविली जात होती. ती बंद पडल्यावर वाचणारे थोडे उरले आणि रुमाल तसेच राहिले. आज प्रत्येक खाते आपापली संक्षेपचिन्हे आणि सांकेतिक शब्द बनवीत असते. ती बनविताना, आपल्यामागे हे कोण वाचणार आहे, एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळ झाले.

इंग्रजी अमलात फाईल आली आणि तिच्याबरोबर टिप्पणी आली. एका खात्याने दुसऱ्या खात्यास लिहावे, दुसऱ्याने तिसऱ्याचे मत मागवावे, आणि प्रत्येक पायरीवरच्या गृहस्थाने आपली विद्वत्ता ओतावी, या प्रकाराने लॉर्ड कर्झन (१८९९–१९०५) इतका संत्रस्त झाला की त्याने टिप्पण्यांना आळा घालण्याचे नियम केले आणि शक्य तेथे अधिकाऱ्यांनी समक्ष बोलून प्रश्न सोडवावा असा आग्रह धरला. त्या नियमांचीही पुढे फाईल झाली, हे सांगणे नलगे. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये गोरवाला यांचा आणि १९५३ मध्ये अमेरिकन प्रशासनतज्ज्ञ पॉल अॅपलबी यांचा अहवाल आला. १९५४ मध्ये केंद्रात संघटन व कार्यपद्धती विभाग स्थापन झाला. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद आली. कागद कोठे, किती दिवस अडला, हे मोजण्याची सवय या काळात हळूहळू रुजू लागली.

परंतु हुजूर दफ्तराच्या जातीची सुधारणा पाहावयाची तर ती पुन्हा महाराष्ट्रातच दिसते. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे जिल्हाधिकारी असलेल्या अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीची जी फेरमांडणी केली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यात यंत्र नव्हते की मोठा खर्च नव्हता. कारकुनाच्या मेजावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करावयाचे : कार्यवाही करावयाची प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवावयाची विवरणे, स्थायी आदेश, अभिलेखागारात जावयाचे कागद, आणि नष्ट करावयाचे कागद. अभिलेखांचीही प्रतवारी : ‘अ’ कायम, ‘ब’ ३० वर्षे, ‘क-१’ १० वर्षे, ‘क’ ५ वर्षे, ‘ड’ १ वर्ष. वाचकांनी हे चालत्या दफ्तराशी आणि एकबेरजेशी ताडून पाहावे. आज करावयाचे आणि जपून ठेवावयाचे या दोहोंची सरमिसळ झाली की दोन्ही कामे नासतात, हाच विचार दोन्हीकडे आहे. लखिना यांनी पेशवे दफ्तर डोळ्यांपुढे ठेवले होते असे आम्ही म्हणत नाही. एकाच प्रकारच्या अडचणीतून दोन शहाण्या व्यवस्था एकाच दिशेने गेल्या, एवढेच म्हणतो.

आता कागद पडद्यावर आला आहे. ई-ऑफिसात फाईल हरवत नाही, ती कोणाच्या मेजावर किती दिवस आहे हे लपत नाही, आणि फडणिसाचे तारीख घालण्याचे काम यंत्र स्वतःच करते. ही प्रगती नाकारणे करंटेपणाचे होईल. तरीपण एक धास्ती वाटते. निकालात काढलेल्या फायलींची संख्या आता एका दृष्टिक्षेपात दिसते, आणि जे दिसते त्याचीच स्पर्धा लागते. फाईल आपल्याकडून पुढे ढकलली की आपला आकडा सुधारतो. ती ढकलताना आपण तिच्यावर कोणते निराळे काम केले, हे कोणी विचारीत नाही. मक्त्याच्या रकमेवर समाधान मानणाऱ्या दरबाराची वृत्ती आणि ही वृत्ती यांत आम्हांस फार अंतर दिसत नाही. आकडा हाती आला की आत काय आहे ते पाहण्याची इच्छा दोन्हीकडे मावळते.

आम्हा बदलीच्या नोकरांना तर याचा विचार अधिकच करावयास हवा. तीन वर्षे एका गावी, तीन वर्षे दुसऱ्या. स्थानिक भाषा जेमतेम जिभेवर रुळते तोच बिछाना गुंडाळावा लागतो. आपण केलेल्या कामाचे फळ पाहावयास आपण तेथे बहुधा नसतो. आणि आपल्या आधीच्या माणसाने करून ठेवलेल्या वा न केलेल्या कामाचे फळ मात्र रोज भोगीत असतो. नव्या जागी रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात कपाट उघडतो तेव्हा पूर्वीच्या अधिकाऱ्याचे खरे चारित्र्य आपल्याला कळते. कोणत्या प्रकरणात काय ठरले, का ठरले, काय उरले, हे एका पानावर लिहून गेलेला माणूस आपल्याला न भेटताही जवळचा वाटतो. तसे पान न ठेवता गेलेल्या माणसाच्या कारकिर्दीत किती फायली निघाल्या, याच्याशी आपल्याला काही कर्तव्य नसते. दारात उभ्या असलेल्या अर्जदाराला तर मुळीच नसते.

पुण्याच्या दफ्तरातील त्या दोनशे कारकुनांपैकी बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. राहिली आहेत ती त्यांच्या हातची पाने : वरपासून खालपर्यंत एका वळणाची, कडेपासून कडेपर्यंत ओढलेल्या रेघेखालची. त्यांनी दिवसाकाठी किती कागद लिहिले याची मोजदाद कोणी ठेवली नाही. ते दिवसाचे काम त्याच दिवशी लिहून ठेवीत, आणि जो कागद मागितला जाईल तो सापडेल अशा जागी बांधून ठेवीत. चार्ज दुसऱ्याच्या हाती देऊन पुढील गावची गाडी पकडण्यापूर्वी आम्हीही तेवढे करून ठेवले, तर मागाहून येणाऱ्याचे निम्मे काम झालेले असेल.